पार्किन्सन्ससोबतचे दिवस: तुमचे अनुभव लिहा

यजमानांना पार्किन्सन्स, म्हणजे हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार, होऊन बरीच वर्षं झाली. आता ते ७६ चे आहेत. सुरुवातीला ज्याला विचारावं तो "पॉझिटिव्ह राहा" म्हणायचा. राहायचं म्हणजे सकाळी उठून नेमकं करायचं काय, ते कोणी सांगेना. ते कळलं याच वाटेवरच्या माणसांकडून, म्हणून हा धागा. शुभार्थी (ज्यांना आजार आहे ते) आणि शुभंकर (त्यांची काळजी घेणारे) दोघांनीही लिहा. उपदेश नको. काय केलं आणि काय झालं एवढं लिहा. औषधाचा डोस मात्र इथे कोणी कोणाला सांगू नये.

आमच्यापासून सुरुवात करते. आमच्या घरात वेळ गोळीवरून ठरते. लेव्होडोपा ही पार्किन्सन्सची गोळी लागू झाली की हे स्वतः दाढी करतात, पेपर वाचतात, माझ्याशी वादही घालतात. असर उतरला की खुर्चीतून उठवत नाही. पूर्वी गोळी जेवणासोबत घ्यायचे आणि दुपारी हमखास गळून बसायचे. डाळ, दूध, पनीर यातली प्रथिनं आणि ही गोळी आतड्यातून एकाच दाराने आत शिरायला बघतात, असं डॉक्टरांनी समजावलं. आता गोळी जेवणाच्या पाऊण तास आधी, आणि उसळ-आमटीचा भर रात्रीच्या जेवणावर. हा बदलही डॉक्टरांना विचारूनच केला. अंघोळ, बँक, पाहुणे सगळं गोळी चढलेल्या वेळात. न कळवता येणाऱ्या पाहुण्यांचं काय करायचं, ते अजून सुचलेलं नाही.

*निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा, वय ७१*

मला थरथर फारशी नाही. पाय जमिनीला चिकटतात, त्यातही दारात. जिना चढून जातो आणि सपाट पॅसेजमध्ये अडकतो, त्यामुळे घरच्यांना आधी नाटक वाटायचं. फिजिओथेरपिस्टने दाराशी रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावल्या. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलतो. पण बाजारात पट्ट्या कोण लावणार? नोकरीभर मुलांकडून लेझीम करून घेतली, ती आता कामाला आली. अडकलो की जोर करत नाही. थांबतो, वजन या पायावरून त्या पायावर नेतो, मनात हलगी सुरू करतो आणि ठेक्यावर पहिलं पाऊल टाकतो. कधी ठेका तोंडातून बाहेर येतो, लोक बघतात. बघू देत. फक्त "चला चला" म्हणत कोणी हात ओढू नका. मी पडतो तो त्यामुळेच.

*मुलगी, ठाणे*

बाबांना वास येईनासा होऊन कित्येक वर्षं झाली होती. दूध करपलं तरी यांना पत्ता नाही म्हणून आई चिडायची. झोपेत ओरडायचे, लाथा मारायचे. याचा पार्किन्सन्सशी संबंध असू शकतो, हे हात थरथरायला लागल्यावर न्यूरॉलॉजिस्टकडे कळलं. मग अक्षर मुंगीएवढं झालं, सही जुळेना, चेक परत यायला लागले. शेवटी नवी सही नोंदवली. आता रोज दुरेघी वहीत मोठं मोठं लिहितात. आवाजही बसत चाललाय. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, मोठ्याने बोलायचा सराव हवा. बाबांनी पावकी-निमकी, म्हणजे अपूर्णांकांचे जुने पाढे, काढली! संध्याकाळी गॅलरीत उभे राहून खणखणीत म्हणतात, खालची मुलं चुकलेलं पकडायला टपलेली असतात. चेहऱ्यावर हसू उमटत नाही म्हणून माझा लेक त्यांना घाबरायचा. "आजोबा आतून हसतात" असं त्याला सांगितलंय. तो आता मधूनच विचारतो, "आत्ता हसताय का?"

*डोंबिवली, वय ६९*

वरचं सगळं वाचून छान वाटलं, पण मला हे जमत नव्हतं. व्यायाम नको, माणसं नकोत, अंथरुणातून उठणंच नको. आनंदी राहायचे सल्ले देणाऱ्या नातेवाइकांचे फोन घेणं बंद केलं. एका तपासणीत बायकोनेच डॉक्टरांना हे सांगितलं. ही निराशा पुष्कळदा आजाराचाच भाग असते, मेंदूतल्या रसायनांचा खेळ असतो आणि तिच्यावर वेगळे उपचार आहेत, असं ते म्हणाले. उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी मी आपणहून खाली फिरायला गेलो. मनोबल कमी पडतंय म्हणून स्वतःला बोल लावत बसलेल्या कोणी हे वाचलं तर बरं.

*पत्नी, कोल्हापूर*

कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. यांना रात्री खोलीत माणसं दिसायची. कोपऱ्यात बसलेल्या पाहुण्यांना चहा दे म्हणायचे. सासूबाईंनी दृष्ट काढली, शेजारणीने देवऋषी सुचवला. डॉक्टरांना सांगायला मला लाज वाटत होती. सांगितल्यावर त्यांनी आधी लघवीचा संसर्ग तपासला, मग गोळ्यांमध्ये फेरफार केला. आता क्वचित कोणी येतं. आले तरी हे स्वतःच म्हणतात, "ते खरे नाहीत ना गं?" आणि झोपतात. माझ्यासाठी म्हणाल तर गुरुवारी दुपारी नणंद येऊन बसते आणि मी भजनाला जाते. ती वेळ मी कोणासाठी मोडत नाही.

*पुणे, वय ७३*

पुण्यातल्यांनी पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेला एकदा तरी जावं. सगळ्यांचेच हात थरथरतात, त्यामुळे चहा सांडला तरी कोणी वळून बघत नाही. माझ्यासारख्या गणपतीतही न नाचलेल्या माणसाला, नर्तक ऋषिकेश पवार पार्किन्सन्सच्या मंडळींना नाच शिकवतात हे तिथेच कळलं.

आणखी एक, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत पार्किन्सन्स आहे. प्रमाणपत्र तपासणीनंतर, त्रासाच्या प्रमाणात मिळतं. बसमध्ये दारू प्यायलाय समजून माझ्यावर खेकसलेल्या माणसाला मी माझं दिव्यांगत्वाचं कार्ड दाखवलं होतं.

*नर्स, नाशिक*

छोटी सूचना. दुसऱ्या कशासाठी रुग्णालयात दाखल झालात तर गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून द्या. उलटीवर मेटोक्लोप्रमाइड देण्याआधी पार्किन्सन्स आहे हे ठणकावून सांगा. त्याने त्रास वाढू शकतो.

*निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा*

रात्री कूस वळवता येत नाही, त्यावर कोणाकडे काही आहे का? बायकोला उठवणं जिवावर येतं.

*पत्नी, कोल्हापूर*

भाऊ, कमरेखाली सॅटिनचं कापड आडवं घाला, सुती चादरीवर अंग अडकतं. पूर्ण गादीवर मात्र घालू नका. आमचे हे पहिल्याच रात्री घसरून पायथ्याशी गेले होते.