मदत हवी आहे: १९७८ चं नोंदणी नसलेलं खरेदीखत, वेंगुर्ले तालुका

आजोबांनी १९७८ साली घर आणि घराखालचे अडीच गुंठे (बिनशेती) रोख पैसे देऊन घेतले. कागद स्टॅम्प पेपरवर आहे, मूळ मालकाची सही, दोन साक्षीदारांचे अंगठे. घडीवर फाटलाय, पण वाचता येतो. नोंदणी मात्र झालीच नाही. दुय्यम निबंधक (दस्त नोंदणी) कार्यालयात जुन्या नोंदींचा सर्च घेतला, काही सापडलं नाही. घरपट्टी आणि वीजबिल आमच्या नावावर, सातबारा अजून मूळ मालकाच्या. घरपट्टीने मालकी सिद्ध होत नाही, हे कळलंय. तलाठी म्हणतात, नोंदणीकृत दस्त किंवा कोर्टाचा हुकूम आणा. जुना कागद आता नोंदवता येत नाही, कारण सहीपासून चार महिन्यांची मुदत असते, दंड भरून आणखी चार.

मालक वारले. तीन वारसांपैकी दोघे सही द्यायला तयार आहेत, तिसरे मुंबईला, फोनच घेत नाहीत. वारसनोंद झालेली नाही. भांडण नकोय, आई त्याच घरात राहते आणि पावसाआधी छप्पर बदलायचंय, त्यासाठी कर्ज हवंय.

दोघांकडून त्यांच्या हिश्श्यापुरतं नवं खरेदीखत करून घ्यावं, की तिघांवर एकत्र दिवाणी दावा लावावा? दोघांचं आधी केलं, तर तिसऱ्यांविरुद्धचा आमचा जुना ताबा आणि तो १९७८ चा कागद कमकुवत होतो का?