गुऱ्हाळाच्या काहिलीला कोणता टेंपरेचर सेन्सर आणि डिस्प्ले बसवावा?

कागलचा_गूळ:
आमचं गुऱ्हाळ आहे. गुळवे मामा पाकाची गोळी पाण्यात टाकून बघतात आणि काहील उतरवायला सांगतात, पण त्यांचं वय झालंय आणि नवी पोरं शिकायला तयार नाहीत म्हणून यंदा मीटर बसवायचा म्हणतोय. काकवी १०५-१०६ ला निघते, गूळ ११८ च्या आसपास. दुकानदार म्हणतो के टाईप थर्मोकपल (दोन धातूंच्या तारा जोडून केलेला सेन्सर) घ्या, हजार डिग्रीच्या वर चालतं. मित्र म्हणतो लेझर गन (लांबूनच तापमान दाखवणारी) घे, तारांची भानगडच नको. काय घेऊ? आकडा जाळ घालणाऱ्या गड्यालाही दिसला पाहिजे.

मीटरवाला:
दादा तुमचं सगळं काम १२५ च्या आत, हजार डिग्री कशाला? पीटी-१०० घ्या, म्हणजे तापला की रेझिस्टन्स वाढतो तो प्लॅटिनमचा सेन्सर, क्लास ए (जास्त अचूक प्रत), थ्री वायर. साध्या के टाईपला अडीच डिग्री इकडंतिकडं चालतं, क्लास ए ला ११८ वर अर्धा डिग्रीपण नाही, आणि गुळाला दोन डिग्रीत पाक कच्चा राहतो नाहीतर करपतो. थ्री वायरच घ्या, कारण पीटी-१०० चा रेझिस्टन्स डिग्रीला ०.३८५ ओहमच वाढतो, टू वायरमध्ये लांब तारेचा एक ओहम जरी मिसळला तरी आकडा अडीच डिग्री जास्त दाखवणार; थ्री वायरमध्ये तिसऱ्या तारेमुळं मीटर तो वजा करतो. गन नकोच, ती वरचा फेस आणि वाफ मोजते, आतला पाक नाही.

साखरशाळा:
+१. डिस्प्ले मोठ्या लाल एलईडी आकड्यांचा घ्या, वाफेत आणि धुरात एलसीडी लांबून वाचता येत नाही. अलार्म रिले (ठरलेल्या आकड्याला आपोआप चालू होणारा स्विच) असलेला बघा, ११४ ला हूटर वाजला की गडी जाळ कमी करेल. इनपुट सेटिंग पीटी-१०० वर आहे का ते आधी तपासा.

कागलचा_गूळ:
धन्यवाद साहेब. बरोबर दाखवतोय का ते कसं बघू? उकळत्या पाण्यात १०० यायला पाहिजे ना?

मीटरवाला:
नाही नाही, इथंच लोक फसतात! आपल्याकडं उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास, पाणी ९८ लाच उकळतं. ते बघून मीटरमध्ये ऑफसेट (आकड्यात वरून मिळवायची दुरुस्ती) टाकून १०० केलात तर गूळ दोन डिग्री कच्चा उतरेल. चुरलेला बर्फ पाण्यात कालवून शून्य बघा, ते कुठंही सारखंच. प्रोबचं (सेन्सरच्या दांडीचं) टोक काहिलीच्या बुडाला टेकवू नका, पण पाक आटून खाली गेला तरी बुडालेलं राहील एवढं खाली ठेवा. आणि सुरुवातीला मामांनाच गोळी बघू दे, ते उतरवा म्हणतील तेव्हाचा आकडा दरवेळी लिहून ठेवा, उसाची जात बदलली की तो थोडा हलतो.