आयटीआय प्रवेशाला तालुक्याची वेस: कोर्टात जावं का?

नाल्यापल्याड (धागाकर्ती)
आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या अगदी टोकावर. धुऱ्याला लागून नाला, नाला ओलांडला की दुसरा तालुका. तिकडची आयटीआय सायकलने गाठता येते, आमच्या तालुक्याचीला दोन एसट्या बदलाव्या लागतात. भाच्याने पल्याडच्या संस्थेत इलेक्ट्रिशियनसाठी अर्ज केला. त्याच्यापेक्षा कमी गुणांच्या पोराचा नंबर लागला, याचा नाही. विचारायला गेलो तर खिडकीतून एवढंच सांगितलं, "स्थानिकांना आधी."

आता तो मोटर भरायच्या दुकानात बसतो. जळलेल्या पंपाची तार उकलतो, नवीन भरतो, वार्निशचे डाग हातावरून जात नाहीत. काम येतं, पण सर्टिफिकेट नाही, म्हणजे महावितरणच्या विद्युत सहायकाचा फॉर्मसुद्धा भरता येत नाही. नागपूर खंडपीठात या अटीला आव्हान द्यावं असं माझं ठाम मत आहे. राहतं घर कुठल्या तालुक्यात येतं यावरून पोराचा हात चांगला की वाईट ठरत नाही.

डोंगरपट्टा
ताई, भाच्याचं आयकून वाईट वाटलं. पण वेस काढली तं काय होते हे आमाले विचारा. आमच्याकडे आयटीआय आली तवा पहिल्यांदा पोट्ट्यांले फिटर, वेल्डर हे शब्द माईत झाले. सगळ्यांले मोकळं केलं का जिल्ह्याच्या ठिकाणचे जास्त टक्केवाले सीटा घेतात. मंग पॉलिटेक्निकले नंबर लागला का दोन महिन्यात सोडून जातात. वर्गात मशीन हाय, मास्तर हाय, पोट्टंच नाई! आमच्या पोराले शहरात खोली करून शिकाले पैसा कोन देईन?

कोर्टकचेरी
कायद्याचं सांगतो. राज्यघटनेतल्या भेदभाव न करण्याच्या कलम 15 ला हात घालू नका. त्यात जन्मस्थान आहे, निवास नाही, आणि हे दोन वेगळे हे सुप्रीम कोर्टाने 1955 लाच मध्य भारतातल्या मेडिकल कॉलेजच्या फीच्या खटल्यात, डी. पी. जोशी प्रकरणात, सांगून ठेवलंय. लढाई समानतेच्या कलम 14 वरच होईल. तिथे 1968 चा राजेंद्रन निकाल तुमच्या बाजूने आहे. मद्रासमध्ये मेडिकलच्या जागा जिल्हावार वाटल्या होत्या, त्या पद्धतीने एका जिल्ह्यातला कमी गुणांचा आत आणि दुसऱ्यातला जास्त गुणांचा बाहेर राहू शकतो म्हणून ती रद्द झाली. मेडिकलच्या निवासाच्या अटीवर सुप्रीम कोर्टाचे आणखी दोन निकाल आहेत, प्रदीप जैन 1984 चा, तन्वी बहल जानेवारी 2025 चा. पण दोन्ही निकाल नीट वाचा. पदव्युत्तर मेडिकलला निवासाची अट चालत नाही म्हटलं, एमबीबीएसला काही प्रमाणात चालते असंही म्हटलं. आयटीआय तर त्याच्याही खालची पायरी. सरकारी वकील नेमकं हेच धरून बसेल.

डोंगरपट्टा
अन् घटनेचं विदर्भासाठीचं कलम 371(2) कोनी काढत नाई! त्यात तंत्रशिक्षण अन् व्यवसाय प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी असं सरळ लिवलं हाय. विदर्भ महाराष्ट्रात घ्याच्या 1953 च्या नागपूर करारातई व्यावसायिक शिक्षणाचे प्रवेश लोकसंख्येच्या प्रमाणात द्याचे कबूल केले होते. मेडिकलचं 70:30 सूत्र (70 टक्के सीटा आपल्याच विभागातल्या पोरांले) 2020 मध्ये गेलं, विदर्भाच्या वैधानिक विकास मंडळाची मुदत त्याच वर्षी 30 एप्रिलले संपली. आता हेई तुमीच कोर्टात जाऊन घालवता का?

नाल्यापल्याड
दादा, राग समजतो. मीही विदर्भाचीच आहे, नागपूर करार मलाही जिव्हाळ्याचा आहे. पण तो करार विभागांचा होता, तालुक्यांचा नव्हे. 371 विदर्भाला त्याचा वाटा मिळावा म्हणून आलं. तेच कलम पुढे करून विदर्भातल्याच दोन गावांमध्ये नाल्यावर कुंपण घालायचं? माझ्या भाच्याचा बाप आणि पल्याडच्या पोराचा बाप एकाच जिनिंगवर कापूस घालतात. दोघांची सातबाऱ्यावरची जमीनही सारखीच निघेल. यातला कोण पुढारलेला आणि कोण मागास, हे तालुक्याच्या नावावरून कसं कळणार?

सोयाबीन_वाशीम
अंतर मोजा ना. घरापासून संस्था किती किलोमीटर, त्यावर प्राधान्य. तालुका कशाला मधात?

डोंगरपट्टा
अंतराचा दाखला कोन देईन? शहरातले नातेवाइकाच्या पत्त्यावर रहिवासी दाखला काढतात, हे आमी पायलं हाय. तरी पण अंतराचं मले पटते. ताई, एक आयका. याचिकेत "अट रद्द करा" लिवू नका, "अट बदला" लिवा. रद्द झाली तं तुमचा भाचा आत जाईन, पण आमचे पाच बाहेर रायतीन. तसं लिवसान तं आमच्या पट्ट्यातल्या दोन पालकांले मी सोबत घेऊन येतो.

कोर्टकचेरी
हे वकिलाला दाखवा. मागणी अशी मांडली तर ती टिकायची शक्यता जास्त. आणि लवकर करा, शेवटची प्रवेश फेरी संपल्यावर यंदाच्या सीटचा आदेश मिळणं कठीण.

नाल्यापल्याड
"बदला" हेच लिहीन, शब्द देते. गावातल्या तीन पोरांचे अर्ज आणि गुणवत्ता यादीच्या प्रिंट जमवल्या आहेत. गाव नकाशासाठी भूमी अभिलेखमध्ये काल अर्ज दिला. दादा, तुमच्या दोन पालकांना दहावीची गुणपत्रिका आणि रहिवासी दाखला काढून ठेवायला सांगा.