अनुभव धागा : जंगलात तगून राहायचा विकेंड कोर्स (बुशक्राफ्ट) कुणी केलाय का?

गोदाकाठ
परवा भाच्याने विचारलं, "मामा, लायटर नसेल तर काय करायचं?" आणि त्र्यंबककडचा तो जुना शनिवार-रविवारचा कोर्स आठवला. म्हणून धागा काढला. "आम्ही किती धमाल केली" हे नको, काय शिकवतात आणि काय फसतं ते लिहा.

सुरुवात फेरो रॉडने करतो, म्हणजे खरवडली की ठिणग्या पाडणारी धातूची कांडी. नव्या रॉडवर काळा थर असतो. तो खरवडून काढल्याशिवाय ठिणगी पडत नाही. धार खराब करू नका, सुरीची पाठ वापरा. पाठ काटकोनी हवी, गोलसर असली की नुसती घसरते. सगळेजण सुरी पुढे ढकलतात आणि हात जाळणावर आपटून ढीग विस्कटतो. सुरी जागच्या जागी धरायची आणि रॉड मागे ओढायचा. कापसाला व्हॅसलीन चोळून न्या, पण ठिणगी पाडायच्या आधी बोळा पिंजून घ्या. ठिणगी धरतात ते सुटे तंतू, चिकट गोळा धरत नाही.

पेठरोडवाला
रॉड म्हणजे चीटिंग 😄 धनुकली फिरवा: छोट्या धनुष्याच्या दोरीचा वेढा उभ्या दांडीला द्यायचा, धनुष्य मागेपुढे ओढायचं, दांडी खालच्या फळीवरच्या खड्ड्यात फिरते.
दांडी अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब, अगदी सरळ. खालची फळी बोटभर जाडीची. दोन्ही लाकडं वाळलेली आणि मऊ, नख दाबलं तर खूण उमटेल अशी. पांगारा, सावर चालतं. लाकूड कडक असलं की खड्डा चकचकीत होतो आणि भुकटीच पडत नाही, मग चिमूटभर रेती टाकायची. खड्डा जळून काळा झाला की भाकरीच्या आठव्या भागाएवढी खाच कापा, टोक जवळजवळ मध्यापर्यंत न्या. खाच नसेल तर भुकटी एका जागी साठत नाही आणि निखारा बनत नाही.
भुकटीचा रंग बघत राहा. फिकट तपकिरी असेल तर जोर आणि वेग कमी पडतोय. जाडेभरडे तंतू निघाले तर दाब जास्त होतोय. काळपट, बारीक हवी. हात थांबवल्यावरही भुकटीतून धूर येत राहिला की झालं. लगेच फुंकू नका, जरा जमू द्या.
धनुकली नको असेल तर घायपाताचा वाळलेला फुलोऱ्याचा दांडा नुसत्या तळहातांनी फिरवूनही पेटतो. बांधावर मिळतो. पानांची टोकं सांभाळा.

सिडकोची सून
आमच्याकडे गॅस संपला की असाच प्रयोग करावा लागणार. सासूबाईंना सांगते 😂

अंजनेरीकर
आधी एक सांगतो. राखीव जंगलात आग पेटवणं भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे. कोर्स खासगी शेतावर आहे की नाही हे पैसे भरण्याआधी विचारा. "जंगलातच घेतो, काळजी नको" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. अंजनेरीवर कंदमुळं उकरून दाखवणारे पण भेटतात. तिथं कंदीलपुष्पाची अशी जात आहे जिच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे, आणि तिचा कंदच उपटला तर पुढच्या पावसात उगवणार काय?

मुक्ताई
गारगोटीने पेटतं का हो खरंच?

पेठरोडवाला
पेटतं ताई. आपल्या काळ्या पाषाणावर ठिणगी पडत नाही, पण त्याच्या पोकळ्यांत अकीक, गारगोटी सापडते, ती चालते. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जे सुंदर झिओलाइटचे स्फटिक ठेवलेत ते मात्र मऊ, पोलादाला खरवडूच शकत नाहीत. ठिणगी म्हणजे पोलादाचा तापलेला कण, दगडाचा नाही. म्हणून दगड पोलादाहून कठीण हवा आणि कड ताजी फुटलेली हवी. स्टेनलेसची सुरी कामाची नाही, जुनी कानस घ्या. खाली जळका सुती कपडा धरायचा: डब्याच्या झाकणाला खिळ्याने एक भोक पाडा, सुती चिंध्या आत भरून निखाऱ्यावर ठेवा, भोकातून धूर यायचा थांबला की उतरवा. गरम असताना डबा उघडू नका, हवा लागली की सगळं राख.

डोंगरी
सगळे आगीवरच अडकलेत. माणूस अडचणीत येतो पाण्यामुळे, थंडीमुळे आणि मोहोळामुळे.

पाणी: गडावरच्या टाक्याचं असो की ओहोळाचं, आधी फडक्यातून गाळा, गढूळ असेल तर तुरटी फिरवून निवळू द्या, वरचं नितळ पाणी ओता आणि मग उकळा. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. क्लोरीनची गोळी गढूळ पाण्यात टाकली तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतो. गोळीनंतर अर्धा तास थांबायचं. उन्हात बाटली ठेवायची रीत खरी आहे, पण पाणी नितळ हवं आणि सहा तास कडक ऊन हवं, ढगाळ असेल तर दोन दिवस. आणि तो खड्डा खणून वर प्लॅस्टिक ताणायचा प्रकार व्हिडिओपुरता ठीक आहे. खणताना जेवढा घाम जातो तेवढं पाणी त्यातून निघत नाही.

मोहोळ: कड्याला आग्यामोहोळ दिसलं की खाली धूर नाही, परफ्यूम नाही, आरडाओरडा नाही. माशा उठल्याच तर तोंड झाकून पळा. जागेवर उभं राहून हात झटकू नका.

इगतपुरीकर
+१. थंडीचं लिहितो. पांघरुणापेक्षा अंथरूण महत्त्वाचं, जमीन अंगातली ऊब ओढून घेते. भातकापणीनंतर आमच्याकडे पेंढा मिळतो, दाबल्यावर वीतभर राहील इतका पसरा. आधी झटकून घ्या, विंचू असतात. ताडपत्री दहा बाय दहाची पुरते. उघडी बाजू पावसाळ्यात पूर्वेला ठेवा, वारा-पाऊस पश्चिमेकडून येतो. दोरावरून पाणी ओघळत आत येतं, म्हणून ताडपत्रीच्या जरा अलीकडे दोराला सुतळीचा तुकडा बांधून खाली लोंबता सोडा, पाणी तिथेच ठिबकतं. ओढ्याच्या तळाशी मुक्काम नको. गार हवा तिथंच साचते, आणि वर कुठं पाऊस झाला तर कळतही नाही.

सिडकोची सून
साप??

इगतपुरीकर
मण्यार रात्री अंथरुणात येते, चावलेलं दुखतही नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं ही लक्षणं. म्हणून उघड्यावर झोपू नका, मच्छरदाणी गादीखाली खोचा. फुरसं लहान असतं, दगड उचलताना चावतं. चावल्यावर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं काहीच नाही. अंगठ्या, कडी काढा, हातपाय लाकडाच्या आधाराने हलणार नाही असा ठेवा, चालवू नका, 108 ला फोन करा. साप मारून सोबत आणायची गरज नाही, आपल्याकडचं औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसे चौघांवर एकच असतं.

भटक्या
दिशा शिकवताना "दुपारी बाराची सावली उत्तरेला" म्हणतात. नाशिकला हे वर्षभर खरं नाही. आपण 20 अक्षांशावर, त्यामुळे साधारण 21 मे ते 23 जुलै सूर्य माध्यान्हीला डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. घड्याळाचा तासकाटा सूर्याकडे धरून दिशा काढायची युक्तीही या दिवसांत विसरा. रात्री ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त 20 अंश वर, हात लांब करून दोन मुठी. दरीत असाल तर तो डोंगराआड.

मुक्ताई
मुलगी नववीत आहे, पाठवू का? तिला सुरी देतात म्हणे.

अंजनेरीकर
पाठवा. फक्त विचारा की एका शिक्षकामागे मुलं किती. सुरी हातात घेण्याआधी हात लांब करून गोल फिरायला लावतात का, त्या गोलात कुणी नसलं पाहिजे. आणि दोन गुडघ्यांच्या मधे धरून कापू देत असतील तर लगेच परत आणा, मांडीची मोठी रक्तवाहिनी तिथंच असते.

सिडकोची सून
परत येताना मिसळ कुठं खायची ते पण लिहा की कुणीतरी. काळ्या रश्श्याची, लाल नको.

पेठरोडवाला
ते वेगळ्या धाग्यात ताई, इथं भांडणं होतील 😄

गोदाकाठ
इगतपुरीकर, तो सुतळीचा तुकडा दोन्ही टोकांना बांधायचा का?

इगतपुरीकर
हो, दोन्हीकडे. सुतळीच घ्या, नायलॉन पाणी नीट ओढत नाही.