उघडं पोट बंद करताना फॅशियावरचा (पोटाच्या भिंतीतल्या मजबूत पडद्यावरचा) ताण आकड्यात कसा मोजता?

सर्जरी_रेसिडेंट
तिसऱ्या वर्षाला आहे. पेरिटोनायटिसचा (पोटाच्या आतल्या आवरणाला सूज-संसर्ग) पेशंट होता, आतडी इतकी सुजलेली की पोट उघडंच ठेवावं लागलं, वर व्हॅक्यूम ड्रेसिंग. पाचव्या दिवशी रीलुकला (पोट परत तपासायच्या ऑपरेशनला) सरांनी दोन्हीकडच्या फॅशियाला कोचर (दातेरी चिमटा) लावून मध्ये ओढून बघितलं, म्हणाले येतंय जवळ, घेऊया, आणि घेतलं. रात्री दोनला युरिन तासाला १० मिली, ब्लॅडर प्रेशर (मूत्राशयातून मोजलेलं पोटातलं प्रेशर) २४ एमएमएचजी, व्हेंटिलेटर सारखा अलार्म मारतोय. पहाटे परत उघडलं. टाके कापताना दोन्ही कडा झटकन बाजूला सरकल्या, काही टाक्यांनी तर फॅशिया चिरत आणला होता, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. हाताच्या अंदाजाऐवजी ताण मोजायची काही पद्धत कोणी वापरतं का? आणि ब्लॅडर प्रेशर रोज घेतोच आहोत तर तेवढं पुरत नाही का?

जुना_सर्जन
नाही पुरत, आणि हा घोळ खूप जण करतात. प्रेशर आतल्या जागेचं असतं, ताण भिंतीतला असतो. पोट उघडं असताना ब्लॅडर प्रेशर ८ येईल आणि तरी ऑब्लिक स्नायूंनी फॅशिया दोन्हीकडे पार खेचून नेलेला असेल. बंद केल्यावर मात्र दोन्ही एकमेकांना धरून वाढतात. लाप्लासचा नियम आठव, भिंतीतला ताण प्रेशर आणि त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो; पोट ३२ सेंमी व्यासाचा गोल धर, १२ एमएमएचजी प्रेशरला दर सेंटीमीटर जखमेवर साधारण १.३ न्यूटन येतात, म्हणजे २० सेंमीच्या चिरेवर अडीच किलो वजन टांगल्यासारखं. तुझ्या २४ ला ते डबल, आणि जोरात खोकला आला, प्रेशर १५० पर्यंत गेलं, की दर सेंटीमीटरला १६. गोल धरल्यामुळे हा ढोबळ हिशोब आहे, पण अंदाज येतो.
मोजायला आम्ही डिजिटल फोर्स गेज वापरतो, निर्जंतुक कॅमेरा कव्हरमध्ये घालून. कडेला कोचर, कोचरला गेज, आणि कडा मध्यरेषेपर्यंत आणायला किती न्यूटन लागले ते बघायचं, दोन्ही बाजू वेगवेगळ्या. जिथे फट सगळ्यात रुंद तिथे नक्की घे. ओढल्या ओढल्या आकडा लिहू नकोस, ऊती हळूहळू सैलावते त्यामुळे धरून ठेवलं की आकडा उतरतो. दरवेळी ठरलेल्या वेळेनेच वाच.

भूल_ताई
सरांनी रिलॅक्संटचं (स्नायू सैल करायच्या औषधाचं) लिहिलं नाही म्हणून लिहिते. पूर्ण रिलॅक्स असताना तुमचे न्यूटन छान कमी येतात आणि रात्री पेशंट जागा होऊन खोकला की तोच फॅशिया वेगळाच वागतो. ट्रेन ऑफ फोर (नसेला चार झटके देऊन स्नायू किती सैल आहेत ते बघायची चाचणी) किती होता हे आकड्याशेजारी लिहाच, नाहीतर कालचा आणि आजचा आकडा जुळवण्यात अर्थ नाही. आणि टाके घ्यायच्या आधी कडा क्लॅम्पने जवळ आणून काही मिनिटं थांबा, मला प्लॅटो प्रेशर (श्वास आत धरल्यावर फुफ्फुसातलं प्रेशर) बघू द्या, ब्लॅडर प्रेशर पण तेव्हाच घ्या. प्लॅटो चढायला लागला तर मी टेबलावरच सांगते, पहाटे उघडायची वेळ येत नाही.

आयसीयू_सिस्टर
२४ घेतलं तेव्हा बेड सपाट होता का हो? डोक्याकडून ३० अंश वर असेल तर आकडा वाढूनच येतो. सपाट झोपवून, शून्य मिडॲक्सिलरी रेषेवर (काखेच्या मधून खाली येणारी) इलियॅक क्रेस्टच्या (कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेच्या) पातळीला, सलाईन २५ मिलीच्या वर नाही, घातल्यावर अर्धा ते एक मिनिट थांबून, आणि श्वास सोडून झाल्यावर वाचायचं. आमच्याकडे नवीन मुली ५०-१०० मिली घालायच्या, प्रत्येक ड्यूटीला आकडा वेगळा यायचा, सर लोक आमच्यावर वैतागायचे.

सर्जरी_रेसिडेंट
सिस्टर, बेड वरच होता, नंतर सपाट करून २१ आलं. युरिन बंदच होती म्हणून उघडलं. भूल_ताईंचं थांबून बघायचं आमच्याकडे कोणी केलंच नव्हतं, पुढच्या वेळी मी स्वतः सांगेन. आता फट १४ सेंमी आहे, काय करू?

जुना_सर्जन
२१ आणि युरिन बंद म्हणजे कंपार्टमेंट सिंड्रोमच (पोटातल्या प्रेशरने अवयव बंद पडणं), उघडलं ते बरोबर केलंत. आता एकदम ओढू नका. फॅशियाला जाळी शिवून मध्ये जोडा, व्हॅक्यूम चालू ठेवा, दर दोन-तीन दिवसांनी जाळी थोडी आवळा. आतडी आणि भिंत यांच्यामध्ये प्लास्टिकचा थर पार बाजूपर्यंत गेलाच पाहिजे, तिथे चिकटलं की भिंत सरकत नाही आणि फिस्टुलाची (आतड्याला भोक पडून बाहेर वाट होण्याची) भीती वेगळी. इतक्या न्यूटनखाली बिनधास्त बंद करा असा सर्वमान्य आकडा नाहीये, म्हणून याच पेशंटचा उतरता आकडा बघायचा. दरवेळी फट, न्यूटन, ट्रेन ऑफ फोर आणि प्लॅटो ऑपरेशन नोटमध्ये एकाच ओळीत लिही. तिसऱ्या रीलुकचे आकडे इथे टाक, बघू.