पेत्रोव्हची शेवटची शर्यत

रशियन चालक विताली पेत्रोव्ह केवळ प्रायोजकांच्या पैशावर फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींच्या स्पर्धेत टिकला, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. पैसा होता हे खरे. पण २०१० च्या अबू धाबीतील शर्यतीत त्याने जगज्जेतेपदासाठी लढणाऱ्या अलोन्सोला रोखून धरले आणि २०११ मध्ये मेलबर्नला तिसरा क्रमांक मिळवला, हे अनेकांनी लिहिलेच आहे.

जिचा उल्लेख राहून जातो ती शर्यत म्हणजे २०१२ च्या हंगामातली शेवटची, ब्राझीलची. गुण सारखे असतील तर संघाचा सर्वोत्तम क्रमांक पाहिला जातो; त्यामुळे सिंगापूरमध्ये आपला चालक ग्लॉक याने मिळवलेल्या बाराव्या क्रमांकाच्या बळावर मारुसिया संघ तोवर गुणांशिवायही संघांच्या क्रमवारीत दहाव्या स्थानी होता, आणि बक्षिसाच्या मोठ्या रकमेसाठी ते स्थान पेत्रोव्हच्या तेव्हाच्या केटरहॅम संघाला हवे होते. ब्राझीलमधील इंटरलागोस या शर्यतमार्गावरच्या पावसात पेत्रोव्हने अखेरच्या टप्प्यात मारुसियाच्या शार्ल पिकला मागे टाकून अकरावा क्रमांक पटकावला आणि ते स्थान केटरहॅमकडे आणले. पुढील हंगामासाठी केटरहॅमने करारबद्ध केलेला चालक मात्र हाच पिक होता. संघातील दुसऱ्या चालकाची जागा व्हान डर गार्डला मिळाली आणि पेत्रोव्हची फॉर्म्युला वनमधील कारकीर्द त्या शर्यतीतच संपली. ज्याने संघाला एवढे मिळवून दिले त्यालाच जागा मिळू नये, याचे मला आजही वाईट वाटते.