कापूस विकला, आता ॲम्प घेऊ की स्पीकर?

राळेगावचा_रसिक:
मंडळी, यंदाचा कापूस गेला. देणंघेणं भागवून २५ हजार बाजूला पडले आणि ते गाण्यावरच घालायचे, हे बायकोकडून कबूल करून घेतलंय. (म्हणजे फवारणी पंपाचा विषय पुढं ढकलला, एवढंच.)

सध्या चॅनलला ५० वॅटचा जुना ॲम्प (आवाज मोठा करणारा डबा), ८६ डीबीचे (एका वॅटला एवढा आवाज देणारे) बुकशेल्फ स्पीकर, मोबाइल हेडफोनच्या भोकातून थेट जोडलेला. टर्नटेबल मामाकडून आलं, पिन कधीची आहे देव जाणे. खोली १२ बाय १४, विटांच्या गिलावा केलेल्या भिंती, खाली फरशी, वर टिन. मोबाइलवर खंजिरी भजनं ऐकतो, रेकॉर्डवर कुमारजी आणि भीमसेनजी.

खंजिरीच्या झांजा कानात टोचतात. द्रुत तानेतले सूर एकमेकांत मिसळतात, आवाज वाढवला की जास्तच. नागपूरच्या सीताबर्डीतला दुकानदार म्हणतो १०० वॅटचा ॲम्प घ्या, भाचा म्हणतो डॅक (मोबाइलमधलं डिजिटल गाणं ॲम्पसाठी बदलून देणारी डबी).

पण एक गोष्ट मले समजून नाही राहिली. भाव वाढेल म्हणून दिवाळीनंतर कापूस याच खोलीत, मागच्या भिंतीला पार टिनापर्यंत रचला होता. खाजेनं सगळे वैतागले, पण तेव्हा हाच सेट असा वाजे की तंबोऱ्याच्या तारा सुट्या सुट्या ऐकू येत. गाडी भरून कापूस गेला, त्या रात्री तीच रेकॉर्ड लावली तर भोंगा लावल्यासारखी. रात्री मोटारी सुरू झाल्या की बल्ब मंद होतो, त्या व्होल्टेजचा खेळ असेल का?

सोल्डर_वर्धा:
काहून व्होल्टेजच्या मागं लागता भाऊ? कापूस गेला आणि आवाज गेला, अजून काय पाहिजे! खोलीत उभं राहून एक टाळी वाजवा. मागून टर्रर्र आलं तर समोरासमोरच्या भिंती आवाज फेकाफेकी करताहेत. कापसाचा पातळ थर मधले-वरचे सूर गिळतो, खर्ज मात्र फारसा नाही, आणि तो भिंतीजवळ फुगतो. म्हणून स्पीकर कोनाड्यात असतील तर काढा, भिंतीपासून दीड-दोन फूट पुढं घ्या, ट्विटर (स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा भोंगा) कानाच्या उंचीला.

५० चे १०० वॅट केले तर फक्त ३ डीबी वाढतात, तेवढा फरक ८९ डीबीचा स्पीकर फुकटात देतो. आणि आवाज वाढवला की टिन जास्त थरथरेल, ते वेगळंच.

गादीवाल्याकडून तीन-चार गाद्या भरून घ्या. एक पाठीमागं, दोन बाजूच्या भिंतींना, भिंतीपासून चार बोटं सोडून टांगा. नेमकी जागा पाहिजे तर तुम्ही खुर्चीवर बसा आणि पोराला भिंतीवरून आरसा सरकवायला लावा. आरशात स्पीकर दिसला तिथं गादी. ॲम्पच्या अंगाला मात्र कापूस नको रे बावा, गरम होते ते.

अकोल्याच्या_बाई:
झांज फक्त मोबाइलवर टोचते की रेकॉर्डवरही तसंच येतं? रेकॉर्डवर येत असेल तर गाद्यांच्याही आधी पिन बदला. झिजलेली पिन खाचेच्या कडा खरवडते आणि खरवडलेली रेकॉर्ड पुन्हा बरी होत नाही. ॲम्प पुढच्या वर्षीही मिळेल. पिनेचं रेकॉर्डवरचं वजन कार्ट्रिजवाल्यानं (पिन बसते तो भाग बनवणाऱ्यानं) सांगितलं तेवढंच ठेवा. हलकं ठेवलं तर पिन जपली जाते असं पुष्कळांना वाटतं, प्रत्यक्षात ती खाचेत उड्या मारते आणि नुकसानच करते.

राळेगावचा_रसिक:
बाई, दोन्हीकडं आहे. रेकॉर्डवर जास्त, त्यातही पिन मधल्या लेबलजवळ आली की विचारूच नका.

अकोल्याच्या_बाई:
आतल्या खाचा आखूड असतात, तेवढ्याच वेळाचं गाणं कमी जागेत बसवलेलं असतं. झिजलेली पिन तिथं आधी हरते. आजच मागवा.

वायरमन_दारव्हा:
व्होल्टेजही सोडू नका. दिवा मंद होतो तर मीटर लावून पाहा, फारच उतरत असेल तर स्टॅबिलायझर. गुणगुण येत असेल तर मोबाइल चार्जरवरून काढून ऐका. थांबली तर गुन्हेगार सापडला. आणि उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की अर्थिंग कमजोर पडते, खड्ड्यात बादलीभर पाणी टाकत जा.

राळेगावचा_रसिक:
मग ठरलं. पिन आणि गाद्या. उरलेले पैसे दसऱ्यापर्यंत स्पीकरसाठी ठेवतो, बायकोला सांगू नका. घरात थोडी फरदड (हंगाम संपल्यावरचा कापूस) पडली आहे, सरकीसकट तीच गादीत भरली तर चालेल काय?

सोल्डर_वर्धा:
भरा, अन् महिन्याभरात उंदरांचं भजन ऐका. जिनिंगमधून सरकी काढलेली रुई आणा.